व्हानुआतू : प्रवासातील सुरक्षितता व धोके

नैर्ऋत्य पॅसिफिकमधील मेलानीशियन द्वीपराष्ट्र. पूर्वीचे न्यू हेब्रिडीज. क्षेत्रफळ सु. १२,१९० चौ. किमी.; लोकसंख्या २,३४,०२३ (२००९), २०२० च्या जनगणनेनुसार तीन लाखांवर. राजधानी पोर्ट व्हिला (लोकसंख्या ४४,०३९–२००९) एफाते बेटावर आहे. १९०६ पासूनची ब्रिटन व फ्रान्स यांची संयुक्त राजवट ३० जुलै १९८० रोजी संपली. गंभीर गुन्हे कमी. राजधानीत भुरट्या चोऱ्या होतात. प्रवाशाला खरा धोका आहे तो जमिनीचा, समुद्राचा आणि इस्पितळापर्यंतच्या अंतराचा.

भूकंप व वादळे : ही बेटे भूपट्टांच्या सीमेवर असल्याने धक्के वारंवार बसतात. २६ नोव्हेंबर १९९९ च्या भूकंपानंतर आलेल्या त्सुनामीने पेंटेकॉस्ट बेटावरील बे मार्तेली हे गाव धुऊन नेले. काही आठवड्यांपूर्वीच गावात पापुआ न्यू गिनीतील त्सुनामीची चित्रफीत दाखवली गेली होती. समुद्र मागे हटताना दिसताच गावकऱ्यांनी टेकडी गाठली व बहुतेक सर्व वाचले. १७ डिसेंबर २०२४ रोजी ७·३ महत्तेच्या भूकंपात पोर्ट व्हिला येथे १४ जण मृत्यू पावले, अनेक परदेशी वकिलाती असलेल्या इमारतीची पडझड झाली आणि प्रवासी विमानवाहतूक काही दिवस थांबली. वादळांचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. पाम (मार्च २०१५) व हॅरल्ड (एप्रिल २०२०) ही अलीकडची मोठी वादळे. मार्च २०२३ मध्ये ज्युडी व केव्हिन ही दोन वादळे एकाच आठवड्यात आली.

यासुर ज्वालामुखी : तान्ना बेटावरील हा ज्वालामुखी (उंची ३६१ मी.) कित्येक शतके जवळजवळ अखंड धुमसत आहे. कॅप्टन जेम्स कुक याला १७७४ मध्ये त्याचाच उजेड समुद्रावरून दिसला. मोटार विवराच्या कड्याजवळ जात असल्याने धोक्याची जाणीव कमी होते. सरकारी हवामान व भूसंकट विभाग ० ते ५ अशी इशारा-पातळी ठरवतो आणि त्या पातळीनुसार विवराभोवतीचे प्रवेशबंद क्षेत्र लहानमोठे होते. १९९० नंतरच्या दशकात तापलेले लाव्हागोळे लागून पर्यटक व वाटाड्या मृत्युमुखी पडले. गोळे उडू लागल्यास पाठ फिरवून पळू नये. वर पाहत, गोळा कोठे पडेल हे हेरून बाजूला व्हावे, असे वाटाडे सांगतात. वाऱ्याच्या दिशेला राख व गंधकवायूंचा त्रास होतो; आम्लधर्मी पावसाने गावांतील पिण्याचे पाणीही बिघडते. पायथ्याचे सिवी सरोवर २००० मध्ये बांध फुटून रिकामे झाले. अंबाए बेटावरील मनारो व्हुई हा ज्वालामुखी जागा झाल्याने २०१७ मध्ये बेटावरील सु. ११,००० रहिवाशांना हलवावे लागले.

कूलिज जहाज : एस्पिरितु सांतो बेटाजवळ ‘प्रेसिडेंट कूलिज’ हे अमेरिकी सैन्यवाहू जहाज २६ ऑक्टोबर १९४२ रोजी स्वपक्षाच्याच सुरुंगांवर आदळून बुडाले. कप्तानाने ते किनाऱ्यावर चढवल्याने ५,००० हून अधिक लोकांपैकी दोघेच दगावले. १९८३ पासून त्यावरील वस्तू काढण्यास बंदी आहे. नाळ सु. २० मी. तर मागील भाग सु. ७० मी. खोल असून ते पाहण्यास उतरणारे पाणबुडे नकळत खोल जातात. आतील काळोख्या दालनांत वाट चुकणे आणि वर येताना ठरावीक टप्प्यांवर न थांबणे जिवावर बेतते. वाटाड्याविना उतरू नये.

आरोग्य : हिवताप पूर्वीपेक्षा घटला आहे, डेंग्यूच्या साथी येतात. काही प्रवाळ-माशांतील सिग्वातेरा विष शिजवूनही नष्ट होत नाही. गंभीर रुग्णास ऑस्ट्रेलिया किंवा न्यू कॅलिडोनियास विमानाने न्यावे लागते. त्यासाठीचा विमा काढणे आवश्यक.

वाहतूक व रूढी : वाहने उजव्या बाजूने चालतात. शहरांबाहेरील बहुतेक रस्ते कच्चे. एअर व्हानुआतू ही राष्ट्रीय विमानकंपनी मे २०२४ मध्ये अवसायनात निघाल्याने बेटाबेटांमधील प्रवास विस्कळीत झाला. संविधानानुसार जमीन रूढीने चालत आलेल्या मूळ मालकांची आहे; म्हणून समुद्रकिनारा, धबधबा वा पायवाट मोकळी दिसली, तरी गावाची परवानगी घ्यावी व मागितल्यास शुल्क द्यावे.

चलन व्हाटू.

न्यूझीलंडमधील भारतीय उच्चायुक्तालय व्हानुआतूचेही काम पाहते.