शहानवाजखानाचे कागद

पाणचक्कीवर गर्दी होते ती पाणी पाहणाऱ्यांची. तेथल्याच बाबाशाह मुसाफिरांच्या दर्ग्यात अठराव्या शतकात मीर गुलाम अली आझाद बिलग्रामी हा कवी राहून गेला, याची आठवण सहसा कुणाला होत नाही. छत्रपती संभाजीनगरचे, म्हणजे जुन्या औरंगाबादचे नाव निघाले की मला मात्र मकबऱ्याआधी हा माणूस आठवतो.

त्याचा स्नेही शहानवाजखान हा निजामशाहीतील मातबर सरदार. निजामाची मर्जी उतरल्यावर १७४२च्या सुमारास तो येथे घरी बसला, आणि त्या सक्तीच्या फुरसतीत मोगल सरदारांची चरित्रे लिहू लागला. ‘मआसिर-उल्-उमरा’ तो हा ग्रंथ.

त्यात औरंगजेबाची एक हकीकत आहे. तो शहजादा असताना हिराबाई जैनाबादी ही त्याची प्रेयसी वारली. लगोलग तो शिकारीस निघाला. लोकांना नवल वाटले. आकिलखानाने एकांत साधून कारण विचारले. तेव्हा, घरात मन मोकळे होत नाही, रानात रडता येते, अशा अर्थाचे तो बोलला. खानाने उपदेश केला नाही. विरहावरचा आपलाच एक शेर म्हटला. शहजाद्याला रडू आवरेना. ग्रंथ शंभर वर्षांनंतरचा, तेव्हा हकीकत थोडी रंगलीही असेल. पण आज दुःखी माणूस समुपदेशकाकडे जातो, तो तरी याहून वेगळे काय मागतो? कुणी विचारावे, आणि उत्तर संपेपर्यंत थांबावे.

शहानवाजखान पुढे दिवाण झाला आणि पुन्हा कैदेत पडला. मे १७५८ मध्ये फ्रेंच सेनानी बुसी याचा दिवाण हैदरजंग मारला गेला, आणि त्याचा सूड म्हणून खानाला येथेच ठार करण्यात आले. एक मुलगाही गेला. घर लुटले गेले, हस्तलिखित नाहीसे झाले.

आझाद तेव्हा चौपन्न वर्षांचा. मित्रावर शोककाव्य रचून तो मोकळा झाला असता, तर कुणी नावे ठेवली नसती. त्याने कागद शोधले. वर्षभराने सापडले तेही अपुरे, विस्कळीत. ते जुळवून त्याने प्रस्तावना लिहिली, मित्राचे चरित्र त्यात घातले. सरदारांच्या त्या मेळ्यात लेखकही जाऊन बसला! वाचलेला मुलगा अब्दुल हई याने पुढे भर घालून १७८० मध्ये ग्रंथ पुरा केला. बापाचे अक्षर त्याच्यापर्यंत पोचले ते आझादामुळे.

आझाद १७८६ मध्ये वारला. खुलताबादेस अमीर हसन या कवीच्या कबरीजवळ त्याची कबर आहे.