सही खरी, मजकूर मात्र बदललेला

इंटरनेटवर विमानाचे तिकीट काढणाऱ्याला पडद्यावर एकच संकेतस्थळ दिसते. पडद्याआड आसनांची माहिती विमान कंपनीचा संगणक देतो, पैसे बँकेचा संगणक वळते करतो आणि पावती तिसराच कोणी पाठवतो. स्वतंत्र संगणकप्रणालींनी आपापले काम 'सेवा' म्हणून एकमेकींना खुले करण्याच्या या पद्धतीला 'सर्व्हिस ओरिएंटेड आर्किटेक्चर' अर्थात सेवाधिष्ठित रचना म्हणतात. या सेवा परस्परांशी संदेशांतून बोलतात, आणि सुरक्षेचा प्रश्न उभा राहतो तो तेथेच.

अशा संदेशांचा 'सोप' हा नमुना (साबणाशी त्याचा काही संबंध नाही) २००० मध्ये 'डब्ल्यूथ्रीसी' या संस्थेकडे सादर झाला. हे संदेश 'एक्सएमएल'मध्ये लिहिलेले असतात आणि बहुधा नेहमीच्या वेबपानांच्याच वाटेने ये-जा करतात. साहजिकच, वेबपानांना मोकळीक देणाऱ्या फायरवॉलला त्यांच्या पोटातील आज्ञा ओळखता येत नाहीत. सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर यांनी त्याच वर्षी या धोक्याकडे लक्ष वेधले होते.

'एसएसएल'ची सुरक्षित वाहिनी येथे पुरेशी पडत नाही. ती दोन संगणकांमधील वाटेचे रक्षण करते. मधल्या थांब्यावर मात्र संदेश उघडा होतो. म्हणून सुरक्षा वाटेऐवजी संदेशालाच चिकटवावी, असा विचार पुढे आला. 'ओॲसिस' या संस्थेने २००४ मध्ये संमत केलेल्या 'डब्ल्यूएस-सिक्युरिटी' मानकानुसार संदेशाच्या शीर्षभागात डिजिटल सही, ओळखीचा पुरावा आणि वेळेचा शिक्का ठेवता येतो. कार्डाचा क्रमांक तेवढा बँकेलाच वाचता यावा, अशी सोयही करता येते.

मात्र सही आली म्हणजे चिंता मिटली, असे झाले नाही. २००५ मध्ये आयबीएमच्या दोन संशोधकांनी 'सिग्नेचर रॅपिंग' या हल्ल्याचे वर्णन केले. कज्जेदलालीत मुरलेल्या मंडळींना ही युक्ती नवी वाटणार नाही: दस्ताचे सही असलेले पान तसेच ठेवायचे आणि पुढे दुसरेच पान जोडायचे. (प्रत्येक पानावर सही घेण्याचा वकिलांचा आग्रह त्यासाठीच असतो.) हल्लेखोर मूळ सही केलेला मजकूर संदेशाच्या एखाद्या कोपऱ्यात हलवतो आणि त्याच्या जागी स्वतःची आज्ञा ठेवतो. सही तपासणारा भाग खुणेच्या क्रमांकावरून मूळ मजकूर शोधतो व सही खरी असल्याचा निर्वाळा देतो. प्रत्यक्ष काम करणारा भाग नेहमीच्या जागी पाहतो आणि हल्लेखोराची आज्ञा पाळतो. दोघेही आपापल्या परीने चोख. फसगत होते ती दोघांच्या मधल्या फटीत.

हा धोका पुस्तकी नव्हता. जर्मनीतील बोखुम येथील रुर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये ॲमेझॉनच्या 'ईसीटू' या क्लाउड सेवेच्या नियंत्रण-यंत्रणेत अशीच त्रुटी दाखवून दिली. एखाद्या ग्राहकाचा सही केलेला एक संदेश हाती लागला, तरी त्याच्या नावाने आज्ञा देणे शक्य होते. ॲमेझॉनने ती त्रुटी दूर केली.

उपाय सांगायला सोपा, पाळायला कष्टाचा. तपासणाऱ्या भागाने केवळ होकार न देता, सहीने प्रत्यक्ष झाकलेला मजकूरच पुढे सोपवावा. संदेशाची ठेवण ठरलेल्या साच्याबाहेर गेली तर तो नाकारावा. जुनाच संदेश पुन्हा पाठवला जाऊ नये म्हणून वेळ आणि एकदाच वापरायचा क्रमांक तपासावा. शिवाय संदेश 'आतल्या' संगणकाकडून आला, एवढ्यावर कोणत्याही सेवेने विसंबू नये. नेमकी हीच शिस्त घाईच्या प्रकल्पांत सर्वप्रथम गळते.

आता नव्या प्रणालींत 'सोप'ची जागा बहुतांशी 'रेस्ट' आणि 'जेसन'ने घेतली असून ओळखीसाठी 'जेडब्ल्यूटी' हे टोकन प्रचलित आहे. त्यातही २०१५ मध्ये जुन्या दुखण्याचा नवा अवतार दिसला. सही कोणत्या पद्धतीने तपासायची हे टोकनच सांगते, आणि तेथे 'कोणतीही नाही' असे लिहिलेले बनावट टोकन काही प्रोग्राम-संचांनी खरे मानले होते.