येतात म्हणजे किती येतात?

"सर, एका माणसाला जास्तीत जास्त किती भाषा येऊ शकतात?" सातवीच्या वर्गात हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारतंच. मुलांना आकडा हवा असतो, क्रिकेटच्या धावांसारखा. आकडा आहे माझ्याकडे. पण तो सांगितला की त्याची फोडही सांगावी लागते.

आकडा ७२. माणसाचं नाव ज्युसेप्पे मेझोफांती. इटलीतल्या बोलोन्या शहरातल्या सुताराचा हा मुलगा १७७४ साली जन्मला, धर्मगुरू झाला, पुढे व्हॅटिकनचं ग्रंथालय त्याच्याकडे आलं आणि १८३८ साली तो कार्डिनल झाला. इटलीबाहेर मात्र कधी गेला नाही. भाषा त्याच्याकडे चालत आल्या. नेपोलियनच्या काळातल्या लढायांत जखमी झालेले देशोदेशीचे सैनिक बोलोन्याच्या इस्पितळांत पडून असत. मरणाऱ्या माणसाचा कबुलीजबाब ऐकायचा तर त्याची भाषा कळायला हवी. म्हणून सैनिकाला तो आधी नेहमीच्या प्रार्थना त्याच्या भाषेत म्हणायला लावी. अर्थ ठाऊक असलेल्या त्या ओळींतून तो उच्चार आणि शब्द वेचून काढी.

त्याच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी, १८५८ साली, चार्ल्स विल्यम रसेल यांनी त्याचं चरित्र लिहिलं आणि भेटलेल्या लोकांच्या साक्षी गोळा करून हिशेब मांडला. उत्तम बोलता येणाऱ्या आणि अनेकांनी पारखलेल्या भाषा ३०. सफाईने बोलत असे असं म्हणतात, पण पुरेशी पारख झालेली नाही अशा ९. क्वचित आणि कमी सफाईने बोललेल्या ११. मोडक्यातोडक्या ८. उरलेल्या १४ नुसत्या पुस्तकातून अभ्यासलेल्या. म्हणजे ७२चे बघता बघता ३० झाले. तरीही ३० ही थक्क करणारीच गोष्ट आहे, त्यात शंका नको. पण पारख करणारे बहुतेक पाहुणे होते. घटकाभर बसून गप्पा मारायचे आणि चकित होऊन परत जायचे. त्या ३०पैकी किती भाषांत त्याला घासाघीस करता आली असती किंवा शेजाऱ्याशी भांडता आलं असतं, ते कुणी तपासलं नाही.

मला या बाबतीत आपला अल् बिरूनी जास्त जवळचा वाटतो. ९७३ साली ख्वारिज्ममध्ये जन्मलेला हा विद्वान. त्याची मायबोली ख्वारिज्मी, जी आज कुणीही बोलत नाही. अरबी आणि फारसी या दोन्ही भाषांत आपण उपरेच आहोत असं त्यानं स्वतः लिहून ठेवलंय, आणि तरी जन्मभर लिहिलं ते मुख्यतः अरबीत! वयाची चाळिशी ओलांडल्यावर, गझनीच्या महमूदच्या काळात, तो संस्कृतकडे वळला. १०३०च्या सुमारास पुरा झालेल्या त्याच्या 'किताबुल हिंद'मध्ये तो या भाषेनं आपल्याला कसं दमवलं ते सांगतो. एकाच वस्तूला शब्द किती, एका शब्दाला अर्थ किती! उच्चार तर असे, की पंडितांच्या तोंडून ऐकून नीट टिपून घेतलेला शब्द त्यांनाच पुन्हा म्हणून दाखवावा तर त्यांना ओळखू येईना. पतंजलीचा योग अरबीत नेणाऱ्या माणसाची ही कबुली आहे. त्याला संस्कृत 'येत होती' की नाही? वाचायला, समजायला, वाद घालायला येत होती. कानाला खटकणारी बोलत असेल, बोलू दे.

आपल्याकडे दख्खनमध्ये तर हा प्रश्न वेगळाच होता. विजापूरचा दुसरा इब्राहीम आदिलशाह (कारकीर्द १५८० ते १६२७) हा फारसी दरबारी परंपरेतला सुलतान. अकबराचा वकील असद बेग त्याला भेटला तेव्हा त्याला दिसलं, की सुलतानाला फारसी समजते नीट पण बोलताना अडखळतो, आणि आपल्या माणसांशी मराठीत बोलतो. गाणी त्यानं रचली ती दख्खनीत, 'किताबे नवरस'मध्ये. त्याच्या किती भाषा मोजायच्या? दरबाराची एक, संगीताची दुसरी, बोलण्याची तिसरी. एकीनं दुसरीची जागा मागितली नाही.

अलीकडचं नाव घ्यायचं तर सेतुमाधवराव पगडी. १९१० साली निलंग्याला जन्मले, निजामाच्या राज्यात अधिकारी झाले. मराठी घरातली, उर्दू कारभारातली. फारसी साधनं मराठीत आणून त्यांनी मोगल-मराठा इतिहास आपल्यापुढे ठेवला. पण मला त्यांचं कौतुक वाटतं ते वेगळ्याच कारणासाठी. आदिलाबादकडे नोकरीत असताना ते गोंडी आणि कोलामी शिकले, त्यांची व्याकरणं तयार केली. साहेबानं रयतेची बोली शिकायची, तीही अशी की जिच्यावर बढती मिळत नाही!

आता माझा वर्ग. सोलापुरातल्या आमच्या मुली घरी दख्खनी बोलतात. 'नक्को' म्हणतात, 'ऐसाच' म्हणतात, आणि त्यातला 'च' मराठीतून आलाय हे सांगितलं की हसतात. पुस्तक उर्दू. माझ्याच दुसऱ्या तासाला मराठी. टीव्हीची हिंदी, पेपरात इंग्रजी, सकाळी अरबी तिलावत (अर्थ न कळता, ते वेगळं मोजू). पद्मशाली शेजारणींमुळे तेलुगू, अक्कलकोटकडच्या आजोळमुळे कुणाला कन्नड. आणि बाहेरचे लोक विचारतात काय? "तुम्हाला मराठी येतं का हो?" पालकही माझ्याकडे येऊन म्हणतात, "सर, इतक्या जबानी बच्चीच्या डोक्यात बसणार नाहीत, उर्दू काढून टाकू का?"

जनगणनेत मातृभाषेनंतर येणाऱ्या आणखी दोनच भाषा नोंदवतात. म्हणजे सरकारी उत्तर फार तर तीन.

गेल्या वर्षी मी मुलींना रसेल यांच्यासारखीच स्वतःची फोड करायला लावली: भांडता येतं त्या, बाजार करता येतो त्या, वाचता येतात त्या, नुसत्या कळतात त्या. पहिल्या रकान्यात जवळजवळ सगळ्यांनी दख्खनी आणि मराठी लिहिली. एकीनं तेलुगूही लिहिली. नळावर पाण्यासाठी भांडावं लागतं म्हणाली.