तळघरातील पाच रिळे

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील पिट्सबर्ग हे पोलादाच्या भट्ट्यांचे शहर. १३ ऑक्टोबर १९६० रोजी दुपारी ३ वाजून ३६ मिनिटांनी या शहरातील फोर्ब्स फील्ड नामक क्रीडांगणावर बिल मॅझरॉस्की या खेळाडूने एक चेंडू डाव्या बाजूच्या भिंतीपलीकडे टोलावला, आणि पायरेट्स या स्थानिक संघाने वर्ल्ड सिरीज या नावाने ओळखले जाणारे बेसबॉलचे अजिंक्यपद ३५ वर्षांच्या खंडानंतर जिंकले. तो टोला ३६,६८३ प्रेक्षकांनी प्रत्यक्ष पाहिला आणि देशभर लोकांनी घरोघरी दूरचित्रवाणीवर पाहिला. एवढ्या डोळ्यांनी पाहिलेला तो सामना पुढे जवळजवळ ५० वर्षे संपूर्ण स्वरूपात कोणालाही पुन्हा पाहता आला नाही. अखेर तो पाहता आला, तोही अशा एका माणसामुळे की ज्याला सामना पाहण्याचा धीरच झाला नव्हता.

क्रिकेट जाणणाऱ्यास बेसबॉलचे मर्म समजणे फारसे अवघड नाही. दोन्ही संघ आळीपाळीने ९ छोटे डाव खेळतात आणि तीन गडी बाद झाले की डाव संपतो. चेंडू मैदानाबाहेर गेला म्हणजे फलंदाजाची धाव होतेच, शिवाय वाटेतील तळांवर उभे असलेले त्याचे सहकारीही धावा पुऱ्या करतात. हाच होम रन. वर्ल्ड सिरीजमध्ये ७ पैकी ४ सामने जिंकणारा संघ विजेता ठरतो. १९६० साली पायरेट्सपुढे न्यूयॉर्क यांकीज हा बलाढ्य संघ होता. यांकीजने तीन सामने १६–३, १०–० आणि १२–० असे अक्षरशः चिरडून जिंकले, तर पायरेट्सने तीन सामने थोडक्यात पदरात पाडून घेतले. सर्व सामने मिळून यांकीजच्या ५५ धावा झाल्या आणि पायरेट्सच्या अवघ्या २७. तरी अजिंक्यपद पायरेट्सचे!

असा सामना जतन का झाला नाही? चुंबकीय फितीवर चित्र मुद्रित करण्याचे यंत्र १९५६ साली बाजारात आले होते. परंतु ती फीत फार महाग असे, आणि एकदा वापरलेली फीत पुसून पुन्हा वापरता येई. हा गुणच घातक ठरला. प्रक्षेपण संस्थांनी कार्यक्रम दाखवावेत आणि फिती पुसाव्यात, असा परिपाठ पडला. दूरचित्रवाणीवरील खेळ दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्राइतकाच शिळा होतो, अशीच त्या काळची समजूत होती.

वर्ल्ड सिरीजचे अधिकृत चित्रपट मात्र निघत असत. १९४३ साली ल्यू फोन्सेका या जुन्या खेळाडूने सागरापलीकडे लढणाऱ्या अमेरिकन सैनिकांसाठी या चित्रपटांचा प्रघात पाडला. पुढे १९८० नंतर हे चित्रपट कॅसेटच्या रूपाने आणि त्यानंतर तबकड्यांच्या रूपाने लोकांच्या घरी पोचले. पण ते सारांशच होते. निकाल ठाऊक असलेल्या संकलकाने निवडलेले क्षण एकापुढे एक मांडले की सर्व काही अटळ वाटू लागते. खेळातील अनिश्चिती, म्हणजे खेळाचा प्राणच, कात्रीखाली जातो.

ही उणीव ज्याच्यामुळे भरून निघाली तो बिंग क्रॉस्बी हा सुविख्यात गायक व नट. पायरेट्सच्या मालकीत १९४६ पासून त्याची भागी होती. संघावर त्याची इतकी माया की अखेरचे सामने पाहिल्यास आपल्या उपस्थितीने अपशकुन होईल, असे त्याच्या मनाने घेतले. तो सपत्नीक पॅरिसला निघून गेला आणि सातवा सामना त्याने तेथे नभोवाणीवर ऐकला. जाण्यापूर्वी मात्र एका व्यवसायसंस्थेस पैसे देऊन त्याने प्रक्षेपण चित्रफितीवर उतरवून घेण्याची तजवीज केली होती. संघ जिंकला तर पाहू, हरला तर नको, असा हा सावध हिशेब! पद्धत जुनीच होती: दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर सिनेमाचा कॅमेरा लावावयाचा आणि दिसेल ते टिपावयाचे. मौज अशी की, चुंबकीय फितीचे यंत्र बनविणाऱ्या अँपेक्स कंपनीस तिच्या बाल्यावस्थेत ५०,००० डॉलर देणारा क्रॉस्बीच होता. त्याने पोसलेली नवी विद्या पुसून टाकता येत होती. त्याने वापरलेली जुनी फिल्म पुसता येत नव्हती.

क्रॉस्बी १९७७ साली निवर्तला. डिसेंबर २००९ मध्ये रॉबर्ट बेडर हे त्याच्या जुन्या कार्यक्रमांच्या तबकड्या काढण्यासाठी सॅन फ्रान्सिस्कोजवळील त्याच्या घरातील संग्रह धुंडाळीत होते. मद्याच्या बाटल्या ठेवण्याच्या थंड, कोरड्या तळघरात त्यांना १६ मिलिमीटरची पाच रिळे मिळाली. संपूर्ण सामना, २ तास ३६ मिनिटांचा! नोव्हेंबर २०१० मध्ये पिट्सबर्गच्या बायहॅम नाट्यगृहात हयात असलेल्या खेळाडूंच्या साक्षीने तो दाखविण्यात आला आणि त्याच सुमारास तबकडीच्या रूपाने घरोघरी गेला.

त्यात दिसते ते सारांशात मावणारे नाही. आठव्या डावात पायरेट्स ४–७ असे पिछाडीवर असता व्हर्डनचा साधा सरपटी चेंडू उसळून यांकीजच्या क्युबेकच्या गळ्यावर आदळतो आणि हमखास बाद होणारा गडी वाचतो. दोन गडी बाद झाल्यावर क्लेमेंतेचा दुबळा फटका पहिल्या तळाजवळ अडविला जातो, परंतु तळ राखण्यास पिचर कोट्स वेळेवर पोचत नाही. तो पोचता, तर डाव तेथेच संपला असता. त्यानंतर लगेच हॅल स्मिथचा होम रन येतो आणि पायरेट्स ९–७ असे पुढे जातात. नवव्या डावात मँटल पहिल्या तळाकडे सूर मारून परततो, हुलकावणी देऊन निसटतो आणि त्या गडबडीत बरोबरीची धाव होते. मॅझरॉस्की फलंदाजीस येतो तो यानंतर. विशेष म्हणजे, तीन चेंडू हुकून एकही फलंदाज बाद झाला नाही, असा वर्ल्ड सिरीजमधील हा एकमेव सामना.

चित्र नव्हते त्या काळात पिट्सबर्गने ही आठवण कानांनी जपली. फोर्ब्स फील्ड १९७१ साली पाडले गेले. भिंतीचा एक भाग तेवढा राहिला. १९८५ पासून १३ ऑक्टोबरला त्या भिंतीपाशी माणसे जमतात आणि नभोवाणीचे मूळ ध्वनिमुद्रण अशा बेताने लावतात की शेवटचा टोला बरोबर ३ वाजून ३६ मिनिटांनी यावा. तो चेंडू राल्फ टेरीने टाकला होता. परंतु निवेदक चक टॉम्प्सन गडबडीत आर्ट डिटमारचे नाव बोलून गेला, आणि धावसंख्याही प्रथम दहा–शून्य अशी सांगून बसला. पुढे हेच निवेदन एका जाहिरातीत वाजू लागले, तेव्हा बिचाऱ्या डिटमारने न्यायालयात दावा लावला. तो फेटाळला गेला. रिळांमध्ये टेरी स्पष्ट दिसतो. भिंतीपाशी वाजणाऱ्या ध्वनिमुद्रणात मात्र चेंडू टाकणारा डिटमारच आहे.