घाटमाथ्यावर ठरलेलं आरमार

लोणावळ्याला समुद्र नाही. इथे पाऊस आहे, धुकं आहे, चिक्कीची दुकानं आहेत आणि शनिवार-रविवारी मोटारींची लांबच लांब रांग आहे. तरीही या गावाच्या रस्त्यांवर पांढऱ्या गणवेशातले नौसैनिक दिसतात. नवख्या पाहुण्याला त्याचं नवल वाटतं. समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांवर नौदलाचं काय काम, असं तो विचारतो. आम्ही मावळातली माणसं चटकन उत्तर देतो, ‘आयएनएस शिवाजी’. उत्तर खरं आहे, पण अर्धं आहे. हे प्रशिक्षण केंद्र १९४५ सालचं. घाटमाथ्याचं आणि आरमाराचं नातं त्याच्याही आधी दोनशे तीस वर्षं जुळलेलं आहे. त्या नात्याबद्दल आणि पश्चिम किनाऱ्यावर आरमाराची धुरा ज्यांनी वाहिली त्यांच्याबद्दल आज थोडं बोलावंसं वाटतं.

सुरुवात शिवाजी महाराजांपासूनच करावी लागते. १६५७ साली कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि डोंगरातल्या राज्याला खाडीचं पाणी लागलं. पाठोपाठ कल्याणच्या खाडीत जहाजं बांधायला सुरुवात झाली. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्गाच्या बांधकामाचा मुहूर्त झाला आणि १६६५च्या फेब्रुवारीत महाराज स्वतः जहाजांचा ताफा घेऊन बसरूरच्या मोहिमेवर गेले. या आरमाराचे दोन सुभे केलेले होते, असं सभासदाची बखर सांगते. एकावर दर्यासारंग आणि दुसऱ्यावर मायनाक भंडारी. पुढे दौलतखान हे नाव येतं. म्हणजे मराठ्यांच्या आरमाराच्या पहिल्या सेनापतींत मुसलमान होते आणि किनाऱ्यावरचा भंडारीही होता. समुद्र ज्याला कळतो त्याच्या हाती सुकाणू द्यायचं, इतका साधा हिशेब त्यामागे होता.

मी मुसलमान आहे आणि मराठीत कविता लिहितो. त्यामुळे दौलतखानाचं नाव आलं की माझं लक्ष तिथे जरा जास्त रेंगाळतं, हे कबूल करायला हरकत नाही. पण त्याचं मोठेपण त्याच्या नावात शोधू नये. ते खांदेरीच्या पाण्यात शोधावं. १६७९ साली मायनाक भंडारीनं मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर तटबंदी बांधायला घेतली. इंग्रजांना ते परवडणारं नव्हतं. त्यांनी गलबतं पाठवली, मोठं जहाज पाठवलं. १८ ऑक्टोबर १६७९ रोजी दौलतखानानं आपल्या लहान, वल्ह्यांवरही चालणाऱ्या गलबतांनिशी त्यांच्यावर हल्ला चढवला. इंग्रजांचं ‘रिव्हेंज’ हे मोठं जहाज त्यांच्या मदतीला होतं म्हणून ते तगले. पण बेट काही सुटलं नाही. जंजिऱ्याचा सिद्दीही इंग्रजांच्या बाजूनं आला, तरी खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. सिद्दीही मुसलमान, दौलतखानही मुसलमान. ती लढाई बंदरांची, जकातीची आणि ज्याची भाकरी खाल्ली त्याच्याशी राखलेल्या इमानाची होती.

दौलतखानानंतरच्या पिढीत आरमार ज्याच्या हाती आलं तो कान्होजी आंग्रे. हे घराणं मूळचं संकपाळ. पुण्याजवळच्या आंगरवाडीवरून आंग्रे हे आडनाव पडलं, असं सांगितलं जातं. १६९८च्या सुमारास कान्होजी आरमाराचा प्रमुख झाला आणि त्याला ‘सरखेल’ हा किताब मिळाला. हा शब्द मला फार आवडतो. ‘खैल’ म्हणजे अरबीत घोडे, घोडदळ. ‘सर’ म्हणजे फारसीत डोकं, प्रमुख. घोडेस्वारांच्या तुकडीच्या नायकाचा हा किताब मराठी मुलखात येऊन समुद्रावर उतरला. आपलं ‘आरमार’ पोर्तुगिजांकडून आलं, ‘सुकाणू’ अरबांकडून आणि कोळ्यांचा ‘नाखवा’ इराणातून. किनाऱ्यावरच्या भाषेला परकं असं काही नसतं. जे तरंगतं ते तिचं होतं.

कान्होजीचा बंदोबस्त कडक होता. त्याच्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजानं त्याचं दस्तक घेतलं पाहिजे, नाहीतर ते पकडलं जाई. पोर्तुगीजही पूर्वापार हेच करत आले होते. पण कान्होजीनं केलं तेव्हा इंग्रजांनी त्याला चाचा ठरवलं. आणि आपल्यापैकी अनेकांनी इंग्रजी पुस्तकं वाचून बराच काळ ते खरंही मानलं.

आता मावळाकडे वळू. १७०७ साली शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि छत्रपतींच्या घराण्यात दोन पक्ष झाले. कान्होजी शाहूंच्या विरुद्ध पक्षात होता. १७१३ साली शाहूंनी आपले पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्याच्यावर धाडलं. झालं उलटंच. कान्होजीनं पेशव्यांनाच कैद केलं, लोहगड घेतला, राजमाची घेतली. समुद्राचा सेनापती घाट चढून मावळात येऊन बसला. तिथून पुढची वाट थेट पुण्या-साताऱ्याकडे जाते.

अशा वेळी शाहूंनी १७ नोव्हेंबर १७१३ रोजी बाळाजी विश्वनाथांना पेशवाईची वस्त्रं दिली. नव्या पेशव्यांसमोरचं पहिलं मोठं काम कान्होजीचं होतं. बाळाजी फौज घेऊन निघाले खरे, पण त्यांनी भर दिला तो बोलण्यावर. ते स्वतः श्रीवर्धनचे. सिद्दीच्या जाचामुळे त्यांच्या घराण्याला गाव सोडावं लागलं होतं. कोकण म्हणजे काय, समुद्र म्हणजे काय आणि सिद्दी कोणाचा शत्रू, हे त्यांना कोणी समजावून सांगायला नको होतं. दोघं लोणावळ्याच्या परिसरात भेटले आणि १७१४ साली तह झाला.

त्या तहातली कलमं पाहण्यासारखी आहेत. कान्होजीनं कोल्हापूरकर संभाजींचा पक्ष सोडावा, शाहूंना छत्रपती मानावं, बहिरोपंतांना मोकळं करावं आणि जिंकलेली ठाणी परत करावीत. बदल्यात त्याला आरमाराचा प्रमुख म्हणून कायम केलं, सरखेल हा किताब पक्का केला आणि दहा किल्ले व सोळा लहान ठाणी त्यांच्या गावांसह दिली. त्या दहांत खांदेरी होती, कुलाबा होता, सुवर्णदुर्ग होता, विजयदुर्ग होता. लोहगड परत गेला. डोंगरातलं एकच ठाणं कान्होजीनं स्वतःकडे ठेवलं, ते म्हणजे राजमाची.

राजमाचीच का? ज्यांनी त्या किल्ल्याच्या श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांवरून खाली पाहिलं आहे, त्यांना हे सांगावं लागणार नाही. बोरघाटातली येजा तिथून नजरेत राहते. त्या वाटेनं कोकणातलं मीठ वर येई, देशावरचं धान्य खाली जाई, आणि फौजही त्याच वाटेनं उतरे. आरमाराला पाठीमागची ही वाट राखावीच लागते. शत्रू समोरून आला तर तोफा आहेत. पाठीवर घाटातून आला तर जहाजांचा काय उपयोग? हे कान्होजीला कळत होतं. बाळाजींनाही ते कळत होतं, म्हणूनच त्यांनी राजमाची त्याच्याकडे राहू दिली. एकमेकांची गरज ओळखणं हाच या तहाचा खरा मजकूर होता.

सातच वर्षांनी त्याची परीक्षा झाली. १७२१च्या डिसेंबरात इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन कुलाब्यावर चालून गेले. इंग्लंडच्या राजाच्या आरमारातला कमोडोर मॅथ्यूज खास जहाजं घेऊन आला होता. कान्होजी एकटा असता तर अवघड होतं. पण शाहूंची फौज घाट उतरून आली. पिलाजी जाधव आले, बाजीराव पेशवे आले. हल्ला फसला, पोर्तुगिजांनी वेगळा तह केला आणि इंग्रज हात हलवत मुंबईला परतले. समुद्रावर कान्होजी आणि जमिनीवर पेशवे अशी ती जोडी होती. कान्होजी ४ जुलै १७२९ रोजी वारला तोवर त्याला कोणी हरवू शकलं नाही.

मग घर फुटलं. थोरला मुलगा सेखोजी १७३३ साली गेला आणि भाऊबंदकी उफाळली. बाजीरावांनी वाटणी करून दिली. मानाजीला कुलाबा आणि ‘वजारतमाब’ हा किताब, संभाजीला सरखेलपद आणि दक्षिणेकडचा किनारा. एका आरमाराचे दोन तुकडे झाले. संभाजीनंतर विजयदुर्गावर तुळाजी आला. तो शूर होता, पण पेशव्यांना जुमानत नव्हता, खंडणी देत नव्हता. चूक त्याचीही होती. पण त्यावर नानासाहेब पेशव्यांनी काढलेला उपाय आजही वाचताना अस्वस्थ करतो. १७५५च्या मार्चमध्ये त्यांनी मुंबईकर इंग्रजांशी करार केला. एप्रिलमध्ये कमोडोर जेम्सनं सुवर्णदुर्ग घेतला. १७५६च्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसन जहाजं घेऊन आणि क्लाइव्ह पायदळ घेऊन विजयदुर्गावर आले. पूर्वी इंग्रजांकडूनच पकडलेल्या ‘रिस्टोरेशन’ या जहाजावर गोळा पडला, ते पेटलं आणि एकमेकांना बांधून ठेवलेलं सगळं आरमार त्या आगीत जळालं. तुळाजी पेशव्यांच्या छावणीत बोलणी करायला गेला होता. तो कैद झाला आणि कैदेतच मेला.

१७२१ साली घाटावरची फौज आंग्र्यांना वाचवायला उतरली होती. १७५६ साली तीच फौज इंग्रजांच्या जोडीनं आंग्र्यांवर उतरली. लोणावळ्यात जे जुळलं होतं ते बेचाळीस वर्षांत उलटं झालं. पेशव्यांचं आरमार त्यानंतरही होतं, हे सांगायला हवं. आनंदराव धुळपांनी १७८३ साली इंग्रजांचं ‘रेंजर’ जहाज जिंकलं. पण किनाऱ्यावरचा तो जुना दरारा पुन्हा उभा राहिला नाही.

पुढे राज्यच गेलं. १८६३ साली दोन गोष्टी घडल्या. बोरघाटातून आगगाडी वर चढली आणि त्याच वर्षी इंग्रजांनी ‘इंडियन नेव्ही’ या नावानं चालवलेलं आरमार मोडीत काढलं. ‘रॉयल इंडियन नेव्ही’ उभी राहायला १९३४ साल उजाडलं. दुसऱ्या महायुद्धात जहाजं वाढली, तशी इंजिनं सांभाळणाऱ्या माणसांची गरज वाढली. १९४५च्या फेब्रुवारीत लोणावळ्याला हे केंद्र सुरू झालं. नाव दिलं ‘शिवाजी’. ज्या महाराजांच्या गलबतांनी खांदेरीला इंग्रजांना जेरीस आणलं, त्यांचं नाव इंग्रजांनीच आपल्या आरमाराच्या शाळेला द्यावं, हा काळाचा न्याय म्हणायचा.

इंजिन शिकायला समुद्र लागत नाही. वाफ, तेल, धातू आणि गरम खोलीत तासन् तास डोकं शांत ठेवण्याची सवय लागते. नौदलाच्या जहाजांच्या पोटात घाम गाळणाऱ्या कित्येक पिढ्या या घाटमाथ्यावर घडल्या. २०२० साली या केंद्राला राष्ट्रपतींचं निशाण मिळालं.

स्वतंत्र भारताच्या पश्चिम नौदल विभागाची रचना १९६८ साली झाली. मुख्यालय मुंबई. १९७१च्या युद्धात विभागाचे प्रमुख होते व्हाइस ॲडमिरल कोहली, आणि ४ डिसेंबरच्या रात्री क्षेपणास्त्र नौकांनी कराची बंदर हादरवलं. त्याच युद्धात पूर्वेच्या समुद्रात ‘कामोर्ता’चे कप्तान असलेले मनोहर आवटी पुढे याच पश्चिम विभागाचे प्रमुख झाले. मराठी माणूस पुन्हा या किनाऱ्याचा सेनापती झाला. मुंबईच्या जुन्या किल्ल्याच्या जागी असलेल्या नौदलाच्या ठाण्याला १९५१ साली ‘आयएनएस आंग्रे’ हे नाव दिलं गेलं. जिथे बसून इंग्रजांनी कान्होजीविरुद्ध मोहिमा आखल्या, तिथेच आता त्याचं नाव आहे. २०१९ साली ‘खांदेरी’ नावाची नवी पाणबुडी नौदलात आली, आणि २०२२ साली नौदलाच्या निशाणावर शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला.

हे सगळं चांगलंच आहे. पण नावं देणं सोपं असतं. त्या नावांमागची समज टिकवणं कठीण. दर्यासारंग, मायनाक, दौलतखान, कान्होजी यांना कोणी जात-धर्म विचारून सुकाणू दिलं नव्हतं, आणि जमिनीवरच्या राज्यानं पाठ राखली तोवर त्यांनी समुद्र राखला. पाठ फिरली तेव्हा जहाजं बंदरातच जळाली. लोणावळ्याला याल तेव्हा पाऊस बघा, चिक्की घ्या, आणि जमलं तर राजमाचीही चढा. समुद्राच्या सेनापतीनं सगळं डोंगरातलं परत देऊन तो एकच किल्ला का मागून घेतला, ते वर गेल्यावर आपोआप कळतं.