रोजगार हमी योजना

मागेल त्याला काम देण्याची कायदेशीर जबाबदारी शासनावर टाकणारी महाराष्ट्राची ग्रामीण योजना. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे हे तिचे जनक. त्यांनी 1965 मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात, विसापूर येथे तिचा पहिला प्रयोग केला. 1972 च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडायला, पाझर तलाव खोदायला बाहेर पडली आणि योजनेची निकड सर्वांनाच पटली. 1977 चा कायदा 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला.

तिचा गाभा मागणीत आहे. मजुराने अर्ज केला की 15 दिवसांत काम, नाही तर बेकारी भत्ता. मदत आणि हक्क यांतला हा फरक अभ्यासकाने नीट समजून घ्यावा. पैसा उभा राहिला तो मुख्यतः शहरातील नोकरदार व व्यावसायिक यांच्यावरील व्यवसाय करातून. तेवढीच भर राज्याने घातली. शहराने खेड्याच्या रोजीला हातभार लावण्याची ही व्यवस्था खरोखर दूरदृष्टीची होती.

कामावर बायका मोठ्या संख्येने येत. मजुरी मात्र खोदलेल्या मातीच्या मोजमापावर ठरे, त्यामुळे कठीण मुरमात दिवसभर राबूनही हाती कमी पडे. हजेरीपटावरील खोटी नावे आणि रखडलेली मजुरी हे योजनेचे गंभीर दोष. 1990 पासून फळबाग लागवडही तिच्याशी जोडली गेली.

केंद्राने 2005 मध्ये देशासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, त्याला महाराष्ट्राच्या या अनुभवाचा आधार होता.