कॉन्फिग फाइलीच्या पोटी जन्मलेली भाषा

लुआ ही छोटी, चपळ स्क्रिप्टिंग भाषा अनेकांना व्हिडिओ गेममुळे ठाऊक असते. तिचं कूळ मात्र तेलाच्या धंद्यातलं आहे.

रिओ दि जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात टेकग्राफ ही संगणक-आलेखनाची प्रयोगशाळा आहे. पेट्रोब्रास ही ब्राझीलची तेलकंपनी तिचं मोठं गिऱ्हाईक. १९७७ ते १९९२ या काळात ब्राझीलमध्ये परदेशी संगणक आणि सॉफ्टवेअरवर कडक निर्बंध होते, त्यामुळे लागेल ते घरीच घडवायचं, ही टेकग्राफची सवय. पेट्रोब्राससाठी तिथे दोन चिमुकल्या भाषा झाल्या: डेल आणि सोल. डेलमध्ये माहिती भरण्याच्या फॉर्मचं वर्णन करायचं: रकाना कोणता, त्यात आकडा की मजकूर, आधीपासून काय भरलेलं असावं. सोलमध्ये खडकांच्या थरांचा अहवाल कसा मांडायचा ते लिहायचं. दोन्ही एका अर्थी कॉन्फिग फाइल, म्हणजे सेटिंगची फाइल, वाचणारे पार्सरच.

पण सेटिंगचं कधी नुसत्या किमतींवर भागत नाही. डेल वापरणाऱ्यांना अटी आणि लूप हवे झाले. सोल मार्च १९९३ मध्ये तयार झाली, पण तीही लवकरच तोकडी पडणार हे दिसत होतं. ती गिऱ्हाइकाच्या हाती गेलीच नाही. त्याच वर्षी टेकग्राफमधल्या रोबेर्तो येरुसालिम्स्की, लुईझ एन्रिके द फिगेरेदु आणि वाल्देमार सेलेस यांनी दोन्ही बाजूला ठेवून एकच पूर्ण भाषा करायचं ठरवलं. ती लुआ.

कुळाची खूण तिच्या अंगावर आहे. खिडकीची रुंदी २०० सांगायला नाव, बरोबरचं चिन्ह आणि आकडा पुरतो. ही ओळ म्हणजे आख्खा लुआ प्रोग्रॅम. सी भाषेतला मूळ प्रोग्रॅम ही फाइल चालवतो आणि नाव सांगून किंमत मागून घेतो. उद्या रुंदी पडद्याच्या मापावरून ठरवायची झाली, तर त्याच फाइलीत एक अट घालायची. वेगळा पार्सर लिहायची गरजच उरत नाही.

मात्र अशी फाइल चालवणं म्हणजे कोड चालवणं. परक्याची फाइल असेल तर तिला रिकामं टेबल, म्हणजे नावं आणि किमती ठेवायची लुआची रिकामी यादी, हेच जग म्हणून द्यावं, म्हणजे डिस्कपर्यंत तिचा हात पोचत नाही. अखंड फिरणाऱ्या लूपला आवर वेगळा घालावा लागतो. एवढी काळजी घेतली, तर सेटिंगसाठी नवी भाषा शोधण्यापूर्वी लुआचाच विचार करावा. ती या कामासाठीच घडली आहे.